भिंतभर आजा

मनोहररावांनी जन्मात एकच मोठी बढाई मारली, आणि ती खरी की खोटी हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

झालं असं की मुलगा किशोर याच्यासाठी मुलगी पाहायला वडनेरची मंडळी आष्टीला गेली होती. मुलगी आचल पसंत पडली. तिचे वडील प्रभाकरराव पसंत पडले, आई भागीरथाबाई पसंत पडल्या, चिवडासुद्धा पसंत पडला. पण आष्टी म्हणजे बेचाळीसच्या चळवळीचं गाव. तिथे कुणाच्याही घरी बसा, चहा यायच्या आत बेचाळीस येतं. प्रभाकररावांनी आपल्या आज्याची हकिकत सांगायला घेतली. आजा मोर्चात होता, आजा लपला होता, आजा जेलमध्ये गेला होता. ऐकता ऐकता मनोहररावांचा चिवडा घशाखाली उतरेना. पंचायत समितीत अख्खी नोकरी काढून ते वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झाले होते आणि वडनेरात त्यांना मान होता. पण आपल्या घराण्यात कुणी कधी जेलमध्ये गेलं नाही, याची त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच लाज वाटली.

तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, "आमच्या आज्याचं चित्र वर्ध्याच्या विद्यापीठात लागून हाय."

सगळे वळून पाहू लागले. मनोहररावांना धीर आला. स्वातंत्र्याच्या आधी विद्यापीठातले एक चित्रकार मास्तर सायकलवर वडनेरला आले, शेतात बसले आणि त्यांनी आज्याचं चित्र काढलं, ही गोष्ट घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. तिच्यात खोटं काही नव्हतं. पण प्रभाकररावांनी विचारलं, "केवढं हाय जी चित्र?" आणि मनोहररावांनी मागेपुढे न पाहता दोन्ही हात फाकवले.

"भिंतभर! आजा आन् त्याची पांढरी गवळाऊ बैलजोडी. वडनेरात तशी जोडी दुसऱ्या कोणापाशी नोती."

परतीच्या एसटीत पंचफुलाबाईंनी नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुमी पाह्यलं काय ते चित्र कधी?"

"त्यात पाह्याचं काय हाय? घरातल्या माणसाचं चित्र हाय. माहित असते आपल्याले."

"मी तुमच्या घरात येऊन एवढी वर्षं झाली, मले तं कोणी दाखवलं नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून झोपी गेल्या. मनोहररावांना मात्र हिंगणघाटपर्यंत डोळा लागला नाही.

तरी गोष्ट तिथेच मिटली असती. पण प्रभाकरराव हा माणूस ऐकलेलं विसरणारा नव्हता. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची तारीख ठरली आणि आठवडाभरात त्यांचा व्याह्यांना फोन आला. "इवाई, साक्षगंधाच्या आंधी एक दिवस सारे मिळून विद्यापीठात जाऊ. आज्याचं दर्शन घेऊ. मी साऱ्या सोयऱ्यायले सांगून ठेवलं ना बाप्पा! आमच्या आष्टीत सध्या तुमच्याच आज्याची चर्चा हाय."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. चित्र सापडलं नाही, तर साक्षगंधाला येणारी सगळी आष्टी मनोहररावांकडे बघून गालातल्या गालात हसणार होती. किशोरचं लग्न काही मोडणार नव्हतं. पण लग्नात वरबापाची मान खाली असली तर फोटोतसुद्धा ती खालीच येते.

शेजारच्या बबनरावांना हे कळायला भिंतसुद्धा आड येत नसे. बबनराव भाजीपाला पिकवायचे आणि हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकायचे. पण त्यांचा खरा माल सल्ला. तो ते बारमाही आणि फुकट पुरवीत. मनोहररावांच्या घराचा जिना, किशोरची नोकरी, पंचफुलाबाईंचा गुडघा, सगळ्यांवर त्यांचा सल्ला झालेला होता आणि जिना अजून वाकडा होता.

"एसटीनं जाता? सोयऱ्यायसंगं?" बबनराव कुंपणावरूनच म्हणाले. "मनोहरभाऊ, इज्जतीचा सवाल हाय. माही गाडी घ्या. मी चालवतो. आन् जेवण घरूनच न्या. भरीत न्या. थंडीचे दिवस हायेत, वांगे माह्या वावरातले."

"तिथं हॉटेल असन ना."

"इवायाले हॉटेलात जेवू घालता? मंग आष्टीवाले काय म्हनतीन?"

आष्टीवाले काय म्हणतील, हा त्या दिवसांत मनोहररावांचा दुखरा दात होता. तिथे बोट लावलं की ते कशालाही हो म्हणत. अशा रीतीने तीन माणसांच्या एसटीच्या तिकिटात होणारी सहल बबनरावांच्या गाडीत, कोळशावर भाजलेल्या वांग्यांच्या भरितासह, मोठ्या पितळी डब्यात आणि खुद्द बबनरावांच्या मार्गदर्शनाखाली निघाली. गाडीतल्या भाजीच्या क्रेट काढून बाकडं बसवलं होतं. सांबाराचा म्हणजे कोथिंबिरीचा वास मात्र काढता आला नव्हता. किशोरने चांगला शर्ट घातला होता. तो खिडकीबाहेर नाक काढून बसला.

विद्यापीठ वर्ध्याच्या वेशीबाहेर. जुन्या चिंचा, कौलारू बैठ्या इमारती, मधूनमधून विहिरी आणि विहिरीइतकेच शांत प्राध्यापक. मोठ्या फाटकाशी प्रभाकरराव, भागीरथाबाई आणि आचल आधीच येऊन उभे होते. भागीरथाबाईंनी नवी पैठणी नेसली होती. एका चित्राच्या दर्शनाला जायचं तर काय नेसायचं, असा त्यांनी दोन दिवस विचार केला होता, असं पुढे कळलं. मनोहररावांनी गाडीतूनच हात जोडले. पण फाटकावरच्या रखवालदाराने गाडीच्या पाठीवर 'ताजा भाजीपाला' असं रंगवलेलं वाचलं आणि काठी आडवी केली.

"मालाची गाडी मांगच्या गेटनं."

"माल नाई, मानसं हाये," बबनराव म्हणाले.

"मांगच्या गेटनं."

बबनराव वाद घालणार होते. परंतु मनोहरराव सरकारी नोकरीत काठीचा आदर करायला शिकले होते. गाडी वळली. जोडलेले हात तसेच ठेवून मनोहरराव सोयऱ्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेले.

मागचं फाटक वसतिगृहाच्या भटारखान्यात उघडत होतं. गाडी थांबते न थांबते तोच एक घामाघूम माणूस वजनकाटा घेऊन बाहेर आला. "किती उशीर! वांगे कुठी हाय?"

"भरीत करून आणले," पंचफुलाबाई म्हणाल्या.

त्या माणसाने डब्याकडे पाहिलं, बबनरावांकडे पाहिलं आणि भटारखान्याच्या इतिहासात प्रथमच पुरवठादाराने स्वयंपाकही करून आणला, हे त्याला पटायच्या आत किशोरने आईला हाताला धरून बाहेर काढलं. बबनराव मात्र मागे राहिले. तो माणूस वांगी कुठून घेतो आणि त्याने ती कुठून घ्यायला हवीत, हे त्याला सांगून मगच ते आले.

पुढच्या फाटकाशी सोयरे भेटले. नमस्कार झाले. प्रभाकररावांनी जुन्या इमारतींकडे पाहून मान डोलावली. "वा इवाई! आज्यानं राहाले जागा चांगली निवडली."

विद्यापीठात कलादालनं दोन. एक जुनं, एक नवं. जुन्या दालनात शिरताना प्रभाकररावांनी वहाणा बाहेर काढल्या. त्यांचं पाहून भागीरथाबाईंनी काढल्या, मग सगळ्यांनीच काढल्या. काढायची गरज नव्हती. पण गरज नाही हे सांगायला तिथे कुणी नव्हतं आणि व्याह्यांनी काढल्यावर आपण घालून जाणं मनोहररावांना शक्य नव्हतं. डिसेंबरची फरशी होती. पहिल्या खोलीतच मनोहररावांना शिंका सुरू झाल्या.

आणि चित्रं तर काय, शेकड्यांनी. झाडं, बाया, घागरी, चरखे, विचारात पडलेले लोक. विचारात न पडलेला माणूस एकाही चित्रात नव्हता. मनोहरराव प्रत्येक खोलीत सर्वांच्या आधी शिरत, चारी भिंतींवरून झरकन नजर फिरवत आणि मग आपण काही शोधत नसल्यासारखा चेहरा करून उभे राहत. भिंतभर चित्र असतं तर ते दिसायला भिंत पुरली असती. ते कुठेच नव्हतं.

"कोनच्या खोलीत हाय जी?" प्रभाकररावांनी विचारलं.

"पुढं. जरा पुढंच असन."

शेवटल्या खोलीत बबनरावांनी मनोहररावांची बाही ओढली. समोर खरोखरच भिंतभर चित्र. दोन पांढरेशुभ्र बैल आणि त्यांच्याजवळ धिप्पाड शेतकरी. बबनराव कानात म्हणाले, "हेच म्हना, मनोहरभाऊ. म्हनून टाका. कोन पाह्यते!"

मनोहररावांच्या मनात आलं नाही असं नाही. ते तोंड उघडणारच होते. पण तेवढ्यात आचल चित्राखालची पाटी वाचत म्हणाली, "पंजाबमधली सकाळ." मग साऱ्यांनाच शेतकऱ्याची छातीपर्यंत आलेली दाढी दिसली. प्रभाकरराव चित्राकडे आणि मनोहररावांच्या गुळगुळीत गालांकडे आळीपाळीने बघू लागले.

"हे नाई," मनोहरराव म्हणाले आणि शिंकले.

नव्या दालनात सगळाच मामला नवा. मोठ्या स्वच्छ खोलीच्या मधोमध वाळलेल्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या काड्यांचा ढीग रचलेला होता आणि त्यावर वरून उजेड सोडला होता. भागीरथाबाई ढिगाभोवती एक फेरी मारून आल्या. "हे काऊन ठेवलं इथं?"

"कला हाय ते, आई," आचल म्हणाली.

"आमच्या धुऱ्यावर याच्याहून मोठा हाय. तिथं तं कोणी वहाणा काढत नाई."

"रचला चुकीचा," बबनराव म्हणाले. "मुळं एका अंगाले पाह्यजेत. असा रचला तं पयल्या हवेत उडते." ढिगाला हात लावू नये अशी पाटी होती. तिचा मान ठेवून त्यांनी लांबूनच काड्या कशा फिरवायच्या ते दाखवलं. दाखवता दाखवता हात लांबला आणि एक काडी फिरली. तिच्या मागोमाग चार घरंगळल्या. कुठूनतरी घंटी वाजू लागली आणि धावत एक तरुण मुलगी आली. वर्षाली तिचं नाव. दोन्ही दालनांची व्यवस्था तीच पाहत होती. मनोहररावांना वाटलं, संपलं! आज्याच्या दर्शनाला आलो आणि आता पंचनामा होणार. जेलमध्ये जाण्याची घराण्याची हौस अशा रीतीने फिटणार.

पण वर्षालीने नुसत्या काड्या पाहिल्या, सगळ्यांचे उघडे पाय पाहिले आणि विचारलं, "काका, तुम्ही काही शोधताहात का? मघापासून तुम्ही खोल्यांमधून पळताय."

मनोहररावांचा बांध फुटला. सोयरे ऐकताहेत याचं भान न ठेवता त्यांनी चित्रकार मास्तर, सायकल, वडनेर, आजा सगळं एका श्वासात सांगितलं. वर्षाली म्हणाली, "भिंतींवर थोडीच चित्रं असतात. बाकीची कोठीत आहेत. पण कोठीतलं काढायचं तर अर्ज लागतो."

अर्ज! मनोहररावांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त आलं. या दालनात त्यांना कळणारी ही पहिलीच गोष्ट. ते खुर्चीवर बसले, कागद मागितला, समास सोडला. 'महोदया, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे आजोबा आपल्या ताब्यात असून...' लिहिता लिहिता त्यांच्या शिंका थांबल्या. प्रभाकरराव खांद्यावरून वाचत होते. त्यांनी भागीरथाबाईंना हळूच सांगितलं, "इवायाचं अक्षर भारी हाय." मनोहररावांनी ते ऐकलं आणि शेवटी नसती एक ओळ जास्त लिहिली.

अर्ज साहेबांकडे गेला. साहेब जेवायला गेले होते. म्हणून मंडळीही चिंचेखाली जेवायला बसली. भरीत उत्तम झालं होतं. प्रभाकररावांनी दोनदा मागून घेतलं. पण मनोहररावांना घास गोड लागेना. चित्र नसलं तर आता निदान ते आतच कळेल, चारचौघांत नाही, एवढीच त्यांची प्रार्थना उरली होती. पंचफुलाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर टाकली आणि हलकेच म्हणाल्या, "जेवा. आजा कुठी पळून नाई चालला." इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने आपल्या आज्याची बाजू घेतल्याचं मनोहररावांना आठवत नव्हतं. त्यांना भरून आलं. भरितात तिखटही होतंच.

दुपार कलताना वर्षाली बोलवायला आली. "वडनेरचं एक सापडलं."

सगळे कोठीच्या दाराशी गोळा झाले. मनोहररावांनी टोपी सारखी केली. वर्षालीने पांढरे हातमोजे घातले आणि एक वस्तू आणून टेबलावर ठेवली. तिच्यावरचा पातळ कागद बाजूला केला. मनोहरराव अजून दाराकडेच पाहत होते, चित्र उचलून आणायला चार माणसं येतील म्हणून.

"हे बघा," वर्षाली म्हणाली.

चित्र होतं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानाएवढं. त्याहून थोडं लहानच. भिंत सोडा, कपाटाचं दारही त्याने झाकलं नसतं. पण चित्र मात्र असं होतं की सगळे टेबलावर वाकले. पावसाळी आभाळ, नुकती ओलावलेली काळी जमीन, दोन बैल आणि वखरामागे चालणारा एक माणूस. पाठमोरा. चेहरा नाही, नाव नाही. फक्त डोक्याचं फडकं आणि वाकलेली पाठ.

"पाठ हाय नुसती," भागीरथाबाई म्हणाल्या.

"मास्तर मांगं बसले असतीन," बबनरावांनी खुलासा केला.

पंचफुलाबाईंनी चष्मा पुसला. "अहो, तुमी जरा फिरा बरं तिकडे. वाका थोडेसे. हात पुढं करा."

"अवं, सोयऱ्यायपुढं?"

"फिरा म्हनते ना."

पंचायत समितीचे निवृत्त वरिष्ठ सहायक मनोहरराव भिंतीकडे तोंड करून, वखर धरल्यासारखे हात पुढे करून, अनवाणी आणि वाकून उभे राहिले. मागे सगळे चित्राकडे आणि त्यांच्याकडे बघून तुलना करत होते. "खांदा जुळते," प्रभाकरराव म्हणाले. "मान थोडी जास्त भरली," असं भागीरथाबाईंचं मत पडलं. आचलने तोंडाला ओढणी लावली होती, आणि किशोर बापाच्या पाठीकडे न पाहता तिच्याकडे पाहत होता. शेवटी पंचफुलाबाई म्हणाल्या, "याच घरची पाठ हाय. चुलीपाशी रुसून बसले की अशीच दिसते."

मनोहरराव वळले तेव्हा त्यांची छाती फुगलेली होती. आकाराचं जाऊ द्या. आजा होता! त्यांनी आता पहिल्यांदाच चित्र नीट पाहिलं, आणि फुगलेली छाती हळूहळू खाली आली.

डावा बैल पांढरा होता. गवळाऊ, देखणा, घरच्या गोष्टीतल्यासारखाच. उजवा पांढरा नव्हता. तांबडा होता, बुटका होता आणि त्याचं एक शिंग अर्ध्यात मोडलेलं होतं.

हा बैल मनोहररावांना ठाऊक होता. वडनेरात सगळ्यांनाच ठाऊक होता. दर पोळ्याला बबनराव चावडीवर बसून आपल्या आज्याच्या मोडक्या शिंगाच्या तांबड्याची गोष्ट सांगत. त्याने कोल्ह्याला कसं पळवलं, विहिरीत पडून कसा वर आला. दरवर्षी विहीर थोडी खोल होई. हा तोच होता. म्हणजे आज्यापाशी जोडी नव्हतीच. त्याच्यापाशी एक बैल होता. शेजाऱ्यापाशी एक होता. दोघांनी सावड केली होती. दोघांचे बैल एका वखराला जुंपायचे, आज याचं वावर, उद्या त्याचं. ज्याला जोडी परवडत नसे तो असंच करी. 'वडनेरात तशी जोडी दुसऱ्या कोणापाशी नोती' हे मात्र अगदी खरं निघालं.

त्यांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनरावांनीही ओळखलं होतं. त्यांचे डोळे मोठे झाले होते आणि तोंड उघडलेलं होतं. पोळ्याची सगळी गोष्ट त्यांच्या जिभेवर येऊन उभी होती, मनोहररावांना ती दिसत होती. आयुष्यभर वाट पाहावी असा पुरावा, हातमोजे घातलेल्या बाईने पुढ्यात आणून ठेवलेला.

"वा!" प्रभाकरराव म्हणाले. "म्हंजे हे दोनी बैल तुमच्याच घरचे, इवाई? हा तांबडाबी?"

मनोहररावांच्या आधी बबनराव बोलले.

"त्यायचेच जी. दोनी त्यायचेच."

एवढं बोलून ते चित्राकडे पाठ करून उभे राहिले आणि खिडकीच्या गजांवर बोट फिरवू लागले. गजांवर धूळ नव्हती.

मनोहररावांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. हा माणूस कुंपणाच्या एका हाताच्या जागेसाठी त्यांच्याशी भांडला होता. शेंगांच्या वेलावरून भांडला होता, वाकड्या जिन्यावरून तर अजून भांडत होता. आणि आज त्याने आपल्या आज्याचा बैल, शिंगासकट आणि विहिरीसकट, सोयऱ्यांसमोर देऊन टाकला होता. मनोहररावांची अब्रू राहावी म्हणून. आता गप्प राहिलं की झालं. आष्टीला कधीच कळणार नव्हतं.

"नाई," मनोहरराव म्हणाले. "नाई जी, इवाई. पांढरा आमचा. तांबडा बबनरावच्या आज्याचा. आमच्या आज्यापाशी एकच बैल होता. सावड होती दोघायची. मानूस कोन्ता हाय, त्यायचा का आमचा, हे काई सांगता येत नाई. पाठ हाय नुसती."

बबनराव वळले. किशोरने खाली पाहिलं. मनोहरराव प्रभाकररावांच्या तोंडाकडे पाहत राहिले. फाटकावरच्या रखवालदाराच्या काठीचीही त्यांना एवढी भीती वाटली नव्हती.

प्रभाकरराव चित्रावर वाकले. तांबड्याचं मोडकं शिंग त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"एक तं होता ना बाप्पा!" ते म्हणाले. "आमच्या आज्यापाशी एकबी नोता. म्हनून तं बेचाळीसमंधी जायाले मोकळा होता."

सगळ्यात आधी भागीरथाबाई हसल्या. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांनी या वळणाशिवाय ऐकली असावी. मग आचल हसली, मग वर्षालीसुद्धा. पंचफुलाबाईंनी भागीरथाबाईंचा हात धरला. मनोहरराव हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. ते त्यांनी लपवले नाहीत. लपवायला आता काही शिल्लक नव्हतं.

चित्रातला माणूस कोण म्हणून लिहू, असं वर्षालीने विचारलं तेव्हा मात्र पंचाईत झाली. "बबनरावच्या आज्याचं नाव लिवा," मनोहरराव म्हणाले. "काऊन? पाठ तं तुमची जुळली, तुमच्याच आज्याचं लिवा," बबनराव म्हणाले. दोघंही इरेला पेटले. जन्मभर जे आपलं आपलं म्हणून ओढलं ते आता तुझं तुझं म्हणून ढकलू लागले आणि आवाज पहिल्याइतकाच चढला. दालन बंद व्हायची वेळ झाली, दिवे जाऊ लागले. वर्षाली म्हणाली, "काका, दोघांची लिहिते." तिने लिहिलंही. कोणतं नाव आधी लिहायला हवं होतं, हा वाद मग वहाणा घालताना झाला.

महिन्याने आष्टीत साक्षगंध झालं. मांडवात आष्टीचे सगळे सोयरे जमले होते. ज्यांना भिंतभर चित्राची बातमी लागलेली होती तेही आणि ज्यांना लागली नव्हती तेही. मनोहरराव नवा कोट घालून खुर्चीवर अवघडून बसले होते. प्रभाकरराव एकेका पाहुण्याला हाताला धरून आणत आणि ओळख करून देत. आवाज असा की मांडवाबाहेरच्या आचाऱ्यालाही ऐकू जावा.

"हे आमचे इवाई. वडनेरचे. विद्यापीठात यायच्या आज्याचं चित्र हाय. एवढंसंच हाय, पण मी सोता पाह्यलं." आणि मग मान ताठ करून, घरात हत्ती असल्यासारखं सांगत, "यायच्या आज्यापाशी एक बैल होता!"

आष्टीची म्हातारी माणसं कौतुकाने मान डोलवीत. बैल असणं ही साधी गोष्ट नाही, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मनोहररावांची मान हळूहळू वर आली आणि फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला.

"आन् दुसरा आमचा होता जी," मागच्या खुर्चीवरून बबनराव म्हणाले.

मनोहररावांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी आपल्या शेजारच्या, व्याह्यासाठी राखलेल्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि खुर्चीवर थाप मारून म्हणाले, "तिथून काय ओरडता, बबनराव? इथं पुढं येऊन सांगा."

बबनराव पुढे येऊन बसले. त्यांनी घसा साफ केला आणि मोडक्या शिंगाच्या तांबड्याची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला घेतली. आष्टीत विहीर वडनेरपेक्षा बरीच खोल निघाली.